सात नंबरचा आवाज

प्रिय ठमाबाई,

नाही गं, धूळ बसू दिली नाही तुझ्या सिंथेसायझरच्या मशीनवर. घराला रंग द्यायचाय म्हणून महिनाभर माझ्याकडे ठेवून गेलीस, तर मी रोज जेवण झालं की तासभर त्याच्यापुढे बसते. शनिवारी तुझा कार्यक्रम आहे आणि तो तू सात नंबरवर साठवलेल्या आवाजाने सुरू होणार, हे तू फोनवर तीनदा बजावलंस. माझ्या लक्षात आहे. म्हातारी झालेय, बहिरी नाही.

बहिरे आहेत ते वरच्या मजल्यावरचे व्हायोलिनवाले मास्तर. पहिल्याच दिवशी नाक मुरडत आले. याला ना तार, ना कातडं, ना फुंकर, हे कसलं वाद्य म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या कानातलं यंत्रही विजेवरच चालतं, मग मी बोलते ते काय खोटं ऐकू येतं तुम्हाला? दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन हजर.

मग तू मला शिकवलंस तसं मी त्यांना शिकवलं. आत विजेची नुसती गुणगुण असते, फ्रिजसारखी. एक बटण फिरवलं की तिची धार जाते, दुसऱ्याने ती थरथरते, तिसऱ्याने हळूहळू विरते. बाकीची वाद्यं आवाज माहेराहून घेऊन येतात. इथे आधी आवाज घडवायचा, मग सूर वाजवायचा. मास्तर मान डोलवत होते. किती कळलं ते त्यांनाच ठाऊक.

मंगळवारी बटणं पिळता पिळता तुझे बाबा सापडले. शिलाई मशीनवर बसायचे ना, तसाच आवाज: आधी अडखळत, मग सुसाट. मी पाच वेळा वाजवला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे बहुतेक झोपले होते. पण मशीन बंद केलं की हा आवाज गेला, हे मला माहीत होतं. आणि आवाज साठवायला तू मला एकच नंबर शिकवला होतास.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र मशीनच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवतेय. चालू करायच्या आधी वाच. सात नंबरवर आता बाबा शिवत बसलेत. तुझा आवाज गेला. चुकून बोट लागलं असं सांगणार होते, पण तसं झालं नाही. जुना पुसू का, असं मशीनने दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा हो दाबलं.

तुझीच,
आई