धागे दिसले म्हणून बुरशी?

प्रिय साकेत,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. आता खोडत नाही. हाताला संत्र्याच्या सडक्या मुळीचा वास बसलाय. साबणानं धुतले, राखेनं घासले, चिंच चोळली, जात नाही. किळस आलीय मला. मुळीची थोडी आणि तुझी जास्त.

काल बाबांनी एक झाड उपटून दाखवलं. बुंध्याशी डिंकाचे ओघळ, साल बोटानं सरकत होती आणि खाली मुळ्यांचा नुसता चिखल. कापसानं वर्षामागून वर्षं माती केली, तेव्हा या हट्टी माणसानं अर्ध्या वावरात संत्रा लावला. अख्खं नेर गाव बाबांना हसलं, विठ्ठलराव बह्याडले, येडे झाले म्हणे! यंदा पहिला बहार धरला होता रे. आता ओळीच्या ओळी पिवळ्या पडून राह्यल्या. मी बाबांना म्हटलं, साकेतच्या कंपनीची ही बुरशीची पावडर या रोगाची नाहीच, बंद करा. तर मलाच म्हणतात, पोरी, तो आपल्या घरचा माणूस हाये, तो कायले फसवन आपल्याले? तुझं-माझं ठरल्यातच जमा आहे असं सगळे धरून चालतात ना! त्यात कंपनीच्या पत्रकावर तुझा फोटो. वर लिहिलंय ‘सर्व बुरशींचा एकच काळ’ आणि खाली टाय लावून तू हसतोयस. आईनं ते पत्रक भिंतीतल्या देवळीत ठेवलंय. सांग, काय करू मी या लोकांचं?

अमरावतीचा, एम.एस्सी.चा तो तास आठवतो तुला? सूक्ष्मदर्शकाखाली संत्र्याच्या मुळ्या सडवणाऱ्या याच जंतूचे पांढरे धागे होते आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, बुरशी! तू मागच्या बाकावरून म्हणालास, धागे दिसले म्हणून बुरशी? मग मिशा दिसल्या म्हणून बोका माझा काका! सरांनी तुला थेट फळ्याजवळ उभं केलं. मग तू बोललास आणि काय बोललास! बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, याची सेल्युलोजची. याचं गोत्र समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचं. बुरशी तर याच्यापेक्षा आपल्याच, म्हणजे प्राण्यांच्या जवळची. कुणी विचारलं, मग हे बसवायचं कुठं? तू म्हणालास, प्रोटिस्टात. घरात ज्या वस्तूला जागा नसते ती आपण माळ्यावर टाकतो, तसा हा विज्ञानाचा माळा. वनस्पती नाही, प्राणी नाही, बुरशी नाही, टाका वर! अमीबा, युग्लीना, मलेरियाचा जंतू, शेवाळं, सगळे एकत्र, आणि एकमेकांचे कोण म्हणून विचाराल तर पत्ता नाही. अशा नावाचा उपयोग काय? कुणाला काय लागू पडेल तेही त्यावरून कळत नाही. नातं चुकलं की औषध चुकतं, हे तुझंच वाक्य. मी त्या दिवशी एक ओळ उतरवून घेतली नाही, नुसती तुझ्याकडे बघत बसले. मूर्खच मी!

तुला माहीत नसतं ना साकेत, तर मी रडले असते आणि विसरलेही असते. पण तू तर फळ्यावर काढून दाखवलं होतंस. बुरशीवरचं औषध याला चाटूनही जात नाही, हे तुला त्या वर्गात सगळ्यात आधी कळलं होतं. आणि मी फोन केला तेव्हा म्हणतोस, अगं, शेतकऱ्याला बुरशी एवढाच शब्द कळतो, प्रोटिस्टा कुठं समजावत बसू? शी! माझ्या बापाला कळत नाही? बोक्याचा आणि काकाचा फरक त्यांना दोन वाक्यांत कळला असता. तुला सांगायचं नव्हतं, माल खपवायचा होता. जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस. आणि एवढं होऊनही तो फोटो मी देवळीतून काढलेला नाही, याचीही किळस येते.

आज मध्यस्थी करणाऱ्या विमलताईंचा निरोप आला. रविवारी तू आईवडिलांना घेऊन मला रीतसर बघायला येतोयस. आई पोह्यांच्या तयारीला लागली, बाबांनी दाढीसाठी न्हाव्याला सांगून ठेवलं. मी हे पत्र लिहायला बसले. ये, पण पोह्यांच्या आधी बाबांबरोबर बागेत जा. त्या उपटलेल्या झाडापाशी उभा राहा आणि वर्गात सांगितलंस ते तुझ्या तोंडानं त्यांना सांग. पत्रक खोटं आहे म्हण. खरं औषध कोणतं तेही तुला ठाऊक आहे, अजून अर्धी बाग वाचेल. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील, कारण तुला त्यांनी जावई मानलंय. हे होणार असेल तर नेरच्या स्टँडवर उतर. नसेल तर जागेवरून उठू नकोस, तीच बस पुढे अमरावतीला जाते.

तुझीच की नाही, ते बागेत ठरेल,
अर्पिता