टाकीतलं तण

१२ जुलै, सकाळी साडेआठ
रोजनिशी सुरू. म्हणजे मी बोलते, सून लीना लिहिते. ती पिपरी मेघेच्या शाळेत शिकवते, म्हणून मी ‘मले’ म्हटलं की ‘मला’ लिहिते; कोणाशी झालेलं बोलणं तेवढं जसंच्या तसं. लिहो बापडी. वही कोणासाठीच नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे ती माझ्यापासूनही सुरक्षित.
विषय: टाकी. नातू निशांत कॅनडाला जाताना खोलीतली खाऱ्या पाण्याची काचटाकी माझ्या हवाली करून गेला. वर्ध्यात समुद्र, तोही टेबलावर मावणारा. एक नारिंगी मासा, एक गुलाबी पोवळ्याचं झाड, चार दगड. म्हणाला, आजी, दिवाळीले येतो, तोवर सांभाळजो.
संकल्प: तो येईल तेव्हा टाकी जशीच्या तशी.

१५ जुलै
दगडाखालून गोम निघाली. गुलाबी, केसाळ, वीतभर. लीना म्हणते बोटभर. तिनं फोटो पाठवला. निशांतचं उत्तर आलं: दगडासंगं आली असंल आजी, राहू दे, घाण खाते.
महिन्याभरातलं पहिलं उत्तर. मी ‘जेवला का’ विचारते तेव्हा येत नाही. गोमेला आलं.

१६ जुलै
आजपासून रोज सकाळी टॉर्च घेऊन दगड तपासायचे. टाकीच्या काळजीपोटी. दुसरं कारण नाही.

२ ऑगस्ट
काचेवर नखाएवढी चांदणी चिकटलेली. जिवंत आहे, चालते! फोटो पाठवला. निशांतचा नुसता अंगठा आला.
मला अक्षर येत नाही, पण फोनवरच्या त्या दोन टिका येतात. निळ्या झाल्या म्हणजे त्यानं पाहिलं. पाहूनही बोलत नसेल तर तिकडे रात्र असते. तिकडे केव्हाही पाहा, रात्रच असते. कसा देश आहे.

९ ऑगस्ट
दगडावर फूल उगवलं. तपकिरी, लांब देठाचं, पाकळ्या हलवणारं. जवळ बोट नेलं की लाजाळूसारखं आत.
फोटो गेला आणि निशांतचा स्वतःचा फोन! चार मिनिटं! म्हणे, आजी, ते फूल नाई होय, जीव हाय. तण समज. पोवळ्याले डसते. पण उपटू नको, तुकडा राह्यला का त्यातून नवं येते. लिंबाचा रस सुईनं टोच.
मी म्हटलं, बाबू, चाळीस वर्षं निंदण केलं म्या. तू मले तण शिकवतं काय?

११ ऑगस्ट
लीनाच्या भुवयांच्या चिमट्यानं निंदण केलं. मुळासकट. वावर साफ.
लिंबांचं सरबत केलं.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
एकाची अकरा झाली.
फोटो पाठवला. फोन! चांगला रागावला. सांगतलं होतं ना तुले आजी, काऊन उपटलं? सहा मिनिटं रागावत होता. आवाज थेट त्याच्या आजोबासारखा झाला आहे. मग लीनाशी बोलला. ती फोन घेऊन अंगणात गेली.
उद्यापासून लिंबू.

७ सप्टेंबर
लिंबू उद्यापासून. सुई सापडत नाही.
सापडली. पिठाच्या डब्यामागे होती. तिथंच राहू दिली.
मागल्या आठवड्यात एक उपटलं. फक्त एक, पाहायला. पाच नवी आली, फोटो पाठवता आला. पोवळं उघडत नाही. दमलं असेल.
शेजारच्या शोभाबाई टाकी पाहून म्हणाल्या, जयवंताबाई, तुम्ही तं तण पोसून राह्यल्या! त्यांना चहा न देता पाठवलं.

१२ ऑक्टोबर
मोजणं सोडलं. पोवळं पांढरं पडलं. निशांत आला की ठीक करेल.
दिवाळीचा बेत: त्याची गादी उन्हात टाकायची. चिवडा तिखट, त्याच्यापुरता वेगळा. मग टाकीजवळ दोघं बसू आणि तो मला एकेकाचं नाव सांगेल. लांबवून सांगेल.
लिहिता लिहिता लीनाचा पेन थांबला. म्हटलं, काऊन थांबली? म्हणे, शाई संपली. पेन झटकला. शाई तर होती.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
निशांतचा व्हिडिओ कॉल. म्हणाला, आजी, मी इकडंच राह्यतो आता. टाकी कोणाले देऊन टाक, तुले उगाच त्रास. मी म्हटलं, त्रास कायचा? अन् तुह्यं पोवळं? म्हणाला, मेलं असंल ते आजी. जाऊ दे.
रागावला नाही. रागावायला हवा होता.
फोन ठेवल्यावर लीना म्हणाली, त्यानं पोळ्यालेच सांगतलं होतं आई. तुम्हाले सांगायची हिंमत नाई झाली.
म्हणजे दोन महिने माझे बेत तिनं लिहून घेतले, शुद्धलेखनासकट. हे वाक्यही तीच लिहीत आहे. रडत आहे. अक्षर बिघडवू नको म्हटलं, वाचता येणार नाही. तर हसली.

२९ ऑक्टोबर
नागपूरहून टाकीवाला आला. मासा, काच, दिवा, सारं नेलं. दगड पाहून तोंड वाकडं केलं. म्हणे, हे फेकून द्या आजी, तणानं भरले आहेत. म्हटलं, फेकते.
तीन फेकले. एक लोणच्याच्या बरणीत ठेवला, खाऱ्या पाण्यात. फेकायच्या आधी जरा.

२ नोव्हेंबर
बरणीत एक उघडलं. खिडकीच्या उन्हाकडे तोंड करून.
लीनानं विचारलं, फोटो काढू आई? काढ. खाली काय लिहू? लिही, आजी विचारते, हे काय होय?
ती म्हणाली, आई, तुम्हाले तं माहीत हाय ते. म्हटलं, माहीत हाय. तू लिही.
दुपारभर फोन मांडीवर घेऊन बसले. दोन टिका. मग निळ्या झाल्या.
तेवढं मला वाचता येतं.