तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

३ नोव्हेंबर, सोमवार
हार्ड डिस्क अजून गेलेली नाही, पण जाण्याच्या बेतात आहे. इरफानने दुपारी तपासून सांगितलं. अलिबागला स्टँडमागे त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. माझे तीन संगणक त्याच्या हाताखालून गेलेत. उगाच घाबरवत नाही, उगाच धीरही देत नाही. डिस्क माझ्या कानाला लावली. आत टिक, टिक, मग थोडं थांबून पुन्हा टिक.

वायर लावायच्या खाचेत पांढरी भुकटी सापडली. कुठे ठेवत होतात, म्हणाला. तांदळाच्या डब्यात. पावसाळ्यात इथल्या खाऱ्या हवेने दोन टीव्ही खाल्ले, म्हणून रुमालात गुंडाळून तांदळात ठेवायची, हा माझाच शोध. घरी बायकोला, सुनंदाला फोन लावला. तांदळाला बोरिक पावडर लावतेस का? ‘दर जूनला लावते. यंदा किडे फार, जरा जास्तच लावली.’ इरफान हसत सुटला. म्हणाला, ‘काका, पुलावात नाही पडली हे नशीब.’

पण पावडर पुसता आली. खरं दुखणं आतलं, आणि ते मी वाढवलं. शनिवारी डिस्क दिसेना तेव्हा दहा-बारा वेळा काढली, लावली. संगणकाने ‘दुरुस्त करू का’ विचारलं, मी ‘हो’ म्हटलं. मोडायला आलेल्या डिस्कची दुरुस्ती करायची नसते म्हणे, आधी तिच्यावरचं उतरवून घ्यायचं असतं.

आत चौदा वर्षांचे फोटो. दुसरी प्रत नाही. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुन्हा वापरायचो. बातमी गेली की विषय संपला.

हिराबाईच्या शेताची सुनावणी २७ला. तिला अजून बोललेलो नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुद्दे लिहून ठेवतो, सुनावणीला लागतील.

हिराबाईचं गाव खाडीकडे, आमच्या किहीमहून तासाभरावर. बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला लागून तिचे बावीस गुंठे. नवरा गणपत गेल्यावर तिच्या नावावर आले. नव्या नकाशात तो तुकडा कांदळवन म्हणून दाखवलाय. तसाच राहिला तर तिथे बांध घालता येणार नाही, भात लावता येणार नाही. नोटिशीत म्हटलंय, पूर्वी पीक घेत असल्याचा पुरावा असल्यास हजर करावा.

पुरावा नाही, याचं कारण गावाची रीत. बारा वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या उधाणाला बाहेरकाठ्याला खांड, म्हणजे भगदाड पडलं आणि खारं पाणी उभ्या भाताकडे निघालं. गावात जोळ होता: बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल वाहायला. दोन ओहोट्यांत खांड बुजवली. कोणी अर्ज केला नाही, पंचनामा मागितला नाही. आपला बांध आपण बांधला, कार्यालयाला कशाला सांगायचं? मी बातमी दिली होती, चार ओळींची. पानात जागा नव्हती, लागली नाही.

दोन वर्षांनी बुजवलेली खांड पुन्हा फुटली. तोवर निम्मी माणसं ट्रकवर, निम्मी कंपनीत. जोळाला घरं होती, माणसं नव्हती. खांड तशीच राहिली, आत आलेल्या खाऱ्या पाण्यात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं वाढली.

पहिल्या खांडीच्या दिवशीचे फोटो फक्त माझ्याकडे. म्हणजे त्या डिस्कवर.

६ नोव्हेंबर, गुरुवार
उतरवणं सुरू. एका बाजूला जुनी डिस्क, दुसरीकडे नवी. जुनी तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन. आधी सोपं असेल तेवढं उचलायचं, अडेल तिथे हट्ट न करता पुढे सरकायचं, राहिलेल्यासाठी शेवटी मागे यायचं. मीही बातम्या अशाच लिहीत आलो.

संध्याकाळी एकतीस टक्के. इरफान म्हणाला, आता तुम्ही घरी जा, तुमच्या बघण्याने वेग वाढत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हिराबाई स्वतःच आली, पहिल्या टेम्पोने. पिशवीत नव्या भाताचे पोहे, सुनंदासाठी. सगळं सांगितलं, काढणं-लावणं आणि तो ‘हो’ धरून. तिने विचारलं, ‘ती डबी मेली का जिती हाय?’ म्हटलं, जिवंत आहे, आजारी आहे.

‘आजारी मानसाला सारखा उठवून विचारला, बरा हाय का, बरा हाय का, त तो मरल नाय त काय.’

सुनंदा तोंडाला पदर लावून आत गेली. हिराबाई हसली नाही. चहा घेऊन अकराच्या टेम्पोने परत.

१० नोव्हेंबर, सोमवार
चौऱ्याण्णव टक्क्यांवर थांबवलं. शनिवारपासून पुढे सरकत नव्हतं, टिकटिक मात्र वाढली होती. इरफान म्हणाला, आता ओढलं तर तुटेल. जुनी डिस्क बंद करून पाकिटात घातली, वर माझं नाव लिहिलं. उतरवलेल्याच्या लगेच दोन प्रती करायला लावल्या, एक त्याच्याकडे राहील. हे चौदा वर्षांपूर्वी करायचं होतं.

फोटो आलेत, त्यांची नावं गेली. गाव, विषय, तारीख असे मी लावलेले फोल्डर नाहीसे. आता नुसते आकडे. एकोणीस हजारांच्या वर. कोणता फोटो कुठे ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी नऊ ते एक, मग तीन ते सहा. आत्तापर्यंत पाच हजार. उद्घाटनाच्या फिती, फिती, फिती. पाण्याच्या टाकीची फीत, रस्त्याची फीत, त्याच रस्त्याची दुसऱ्यांदा फीत. शाल-श्रीफळ. तळा गावच्या कबड्डी स्पर्धा. बोर्ली पंचतनच्या बाजारात कांदे निवडणारी एक बाई, हा मात्र चांगला निघालाय, कशासाठी काढला आठवत नाही.

सुनंदा मागून बघत होती. म्हणाली, एवढ्या वर्षांत घरातल्या कोणाचा एक तरी फोटो काढलास का? चाळीसेक निघाले. त्यातल्या तिसांत ती डोळे मिटलेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडले. पावणेअकरा वाजता, अकरा हजार आठशेच्या आसपास. त्या दिवसाचे सहा. तीन पूर्ण उघडतात: खांडीतून घुसणारं पाणी, चिखलाची रांग, शेवटी मोकळ्या बांधावर बसून पाव खाणारी माणसं. तिन्ही बांधाच्या बाहेरच्या अंगाने काढलेले, शेत कशातच नाही. दोन उघडतच नाहीत.

सहावा हवा होता तो. हिराबाईच्या शेतात उभं राहून बांधाकडे बघत काढलेला. मला नीट आठवतो. खाली लोंब्या धरलेलं भात, वर बांध, बांधावर माणसं.

वरचा अर्धा आलाय. माणसं स्पष्ट, चेहरेसुद्धा. खालचा अर्धा सपाट करडा. भाताची एक काडीही नाही.

इरफानला फोन. तारीख-वेळ फोटोच्या पोटात शाबूत आहे म्हणाला. करडा भाग म्हणजे तेवढा तुकडा वाचताच आला नाही. तो माझ्या ‘हो’ने गेला का, विचारलं. सांगता येत नाही म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अलिबाग. न उतरलेल्या सहा टक्क्यांसाठी इरफानने मुंबईच्या एका प्रयोगशाळेला विचारलं. डिस्क खोलून आतलं वाचायचं डोकं बदलतात. किमान तीन आठवडे, हमी नाही. म्हणजे २७च्या पुढे.

मग त्याने मोबाइल पुढे केला. करड्या जागी त्याने एआयकडून भात भरून घेतलं होतं. दोन मिनिटांचं काम, म्हणाला, बघा तरी. बघितलं. हुबेहूब. वारा कुठल्या बाजूने वाहतोय तेसुद्धा जमलं होतं. मी म्हटलं, पुसून टाक. त्याने माझ्यादेखत पुसलं. वाईट वाटून घेतलं नाही. ‘तुमचं काम अडलेलं, म्हणून दाखवलं.’

१६ नोव्हेंबर, रविवार
हिराबाईच्या घरी. फोटो दाखवला. आधी वरचा अर्धाच बघत राहिली. गणपत पाठमोरा आहे, टोपलं डोक्यावर. तिने त्याच्यावर बोट ठेवलं.

इरफानच्या मोबाइलचंही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती सरळ होऊन बसली.

‘तितं भात व्हता का नव्हता?’
होतं.
‘तुमी तुमचे डोल्यानी बगला ना?’
बघितलं.
‘मंग भरला त खोटा कसा?’

सांगितलं की भात खरं होतं, पण हे भात ते नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबाने एक जागा भरलेली ओळखली तर बांध खोटा, माणसं खोटी, तारीखही खोटी ठरेल. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालं होतं असं नाही. तिने फोटो उलटा करून माझ्याकडे सरकवला.

‘गावाचा बांध फुटला तवा टोपली उचलली आमी, आन् फोटो काडला तुमी. तो पन तुमाला सांबालता नाय आला.’

निघालो. पोहोचवायला दारापर्यंत आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काल इथे एक ओळ लिहिली नाही. साप्ताहिकाचा मजकूर मात्र वेळेवर गेला.

फोटो पुन्हा काढून बसलो. भात बघायचं सोडलं आणि माणसं मोजली. बारा. जोळ घरटी एक माणूस, म्हणजे बारा घरं. त्या दिवशी त्यांच्या पायाशी काय होतं हे त्या बारांना माहीत आहे. फोटो भात दाखवू शकत नाही, पण बघायला कोण उभं होतं ते दाखवतो, तारखेसकट. ते अर्धं आपल्याकडे आहे.

अलिबागच्या एका वकील मित्राला विचारलं. करडा भाग आहे तसा ठेव म्हणाला, काय झालं ते इरफानकडून लिहून घे, आणि माणसांची प्रतिज्ञापत्रं जोड. चालेल का? ‘ऐकून घेतील. पुढचं सांगत नाही.’

२० नोव्हेंबर, गुरुवार
फोटोची मोठी प्रत काढून गावात नेली. देवळाच्या ओट्यावर ठेवली. दहा मिनिटांत वीस माणसं. हा कोण, तो कोण. एकाने स्वतःलाच ओळखलं नाही, बायकोने ओळखलं: ‘तवा क्यास व्हते ना.’ हशा. मग गेलेल्यांची नावं आली आणि आवाज खाली आले.

बारांपैकी चार नाहीत, गणपत धरून. उरलेल्या आठांपैकी सात जण सही करायला तयार. हिराबाई कडेला उभी होती. माझ्याशी बोलली नाही, पण प्रत वाऱ्याने उडू नये म्हणून तिने कोपऱ्यावर नारळ ठेवला.

आठवा महादू. हिराबाईचा धाकटा दीर. फोटोत सगळ्यांत पुढे, तोंड कॅमेऱ्याकडे, हात वर करून कोणाला तरी जागा दाखवतोय. त्या वर्षी कोण कुठे उभं राहील ते तोच ठरवत होता. त्याचं शेत हिराबाईच्या बांधाला लागून, पण आतल्या बाजूला. कांदळवनाच्या यादीत नाही. त्याला मिळवायचं काही नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. शेतात जायच्या वाटेवरून नऊ वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही. ओट्यावर तो आला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
महादूकडे गेलो. खळ्यावर पेंढा रचत होता. थांबला नाही. म्हणाला, तुमी पेपरवाले, तुमाला काय, फोटो काडला का चालले. वाटेचं सगळं ऐकवलं, नऊ वर्षांचं.  शेवटी मी विचारलं, हिराबाईच्या शेतात त्या दिवशी भात होतं की नव्हतं?

‘मी काय आंदला हाय? गुडग्यावर व्हता भात.’

मग याल का सांगायला? पेंढा रचत राहिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सातही प्रतिज्ञापत्रांवर सह्या. इरफानने डिस्कबद्दल एक पान लिहून दिलं: काय बिघडलं, किती उतरलं, फोटोचा खालचा भाग का नाही. माझा ‘हो’ त्यात हवा असं मी सांगितलं. त्याने मोघम लिहिलं होतं, ते बदलून घेतलं.

जुनी डिस्क प्रयोगशाळेकडे रवाना. पोच आली, तीही जोडली. उशिराने का होईना.

२६ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी हिराबाईचा फोन. ती महादूच्या दारात जाऊन आली. एकटी. काय म्हणाली ते तिनेच सांगितलं: ‘भावजी, फोटोत तुमी हाव. येवाचा का नाय ते तुमी ठरवा. मी चा प्यायाला नाय आली.’

तो काय म्हणाला?

‘म्हनला, फोटो ठेव हितं.’

ठेवून आली. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आणखी एक प्रत आणा उद्या, एवढं मला सांगून फोन ठेवला. दहा दिवसांत माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलली.

प्रत काढली. सातांची कागदपत्रं एका पिशवीत, इरफानचं पान वर. महादूच्या नावाचंही प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलंय, सहीची जागा मोकळी. जीप सकाळी साडेआठला देवळापुढून सुटेल. ड्रायव्हर आणि महादू धरून अकरा जागा सांगितल्यात. सुनावणीचा पुकारा अकराच्या सुमारास.