धोतर नेसून पाहिलेल्या तीन कंपन्या

कर्जत,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सौ. अनसूया हिला दादाचे भरपूर आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण तुझ्या फोनवर हल्ली त्याचीच खुशाली जास्त कळते. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, आता नुसतं बोलणं राहिलं आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर मी "गेटवर पोचलो" इथवर येतो आणि तू मधेच विचारतेस, "मग पोरगी कधी येतेय?" पत्रात तुला मधे बोलता येत नाही. शांतपणे वाच, आणि शेवट आधी वाचू नकोस (ती खोड तुला लहानपणापासून आहे).

विषय तुझ्या अबोलीचा. टूल अँड डायचा डिप्लोमा करून पोरगी जूनपासून माझ्याकडे आहे आणि खोपोली-खालापूरच्या पट्ट्यातल्या तीन कंपन्यांनी तिला बोलावलं आहे. तिघीही गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या, आणि तिन्ही एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर आणि माणसांवर टपून बसलेल्या. त्यांची खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक आहेत, इकडे ती कोणी घेत नाही. ब्रेकवाली, शॉकअपवाली आणि गिअरवाली म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात सोडतो. तू म्हणालीस, दादा, माणसं नोकरीला ठेवणाऱ्या म्हणून या तिघी कशा आहेत ते स्वतः जाऊन बघ. एखादी बरी निघाली तर अबोली तिथे जाईल, नाहीतर दिवाळीला वाईला परत येईल आणि पुण्याचा तो बँकेतला मुलगा तिला बघायला येईल. (तू तोंडाने "नीट बघ" म्हणालीस, पण आवाज "वाईट बघ" असा होता. तुझा आवाज मी पाळण्यापासून ऐकतोय.)

मी अख्खी नोकरी मोजणी खात्यात काढली. आज ज्या जमिनीवर या कंपन्या उभ्या आहेत तिथे भात होतं तेव्हा तिच्यावर साखळी टाकून मीच फिरलो आहे. त्यामुळे कंपनी मोजायची म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. आधी शिळफाट्याला चहाच्या टपरीवर बसून चौकशी केली. तिथे कळलं ते एवढंच, की ज्याचा मुलगा ज्या कंपनीत चिकटला ती कंपनी सोन्याची, आणि ज्या कंपनीने मुलाला घेतलं नाही ती लवकरच बुडणार आहे. मग थेट गेटवर गेलो, तर वॉचमनने मला पत्ता चुकलेला म्हातारा समजून खालापूरच्या एसटीचा थांबा दाखवला. अपमान गिळून घरी आलो.

वाट सापडली ती गजामुळे. गजा म्हणजे पळसदरीच्या नागूचा मुलगा. याचा टेंपो तिन्ही कंपन्यांच्या कँटीनला भाजी घालतो, म्हणून तिन्ही गेटं त्याच्या ओळखीची. तो म्हणाला, खंडेनवमीला कंपन्यांतून मशीनची पूजा असते, त्या दिवशी घरच्या माणसांनाही आत सोडतात, तुम्ही माझ्याबरोबर चला. आणि वर सल्ला दिला, "काका, धोतर नेसा. त्या दिवशी धोतराला गेटवर कोन ईचारत नाय."

मी नेसलो. उपरणं घेतलं, तुझ्या वहिनीने हौसेने गंध लावलं. घरातला माणूस सणाच्या दिवशी नीटनेटका दिसावा, एवढाच हेतू. पण खंडेनवमीला इकडे धोतर नेसून कंपनीच्या गेटवर कोण येतं, याचा विचार ना मी केला ना तिने. (गजाने केला होता, असा माझा आता संशय आहे.) ब्रेकवालीच्या गेटवर वॉचमन उठून उभा राहिला, "केव्हाची वाट बघतायत साहेब" म्हणाला आणि मला जवळजवळ उचलूनच आत घेऊन गेला. मी भटजी नाही हे सांगायला तोंड उघडलं, तोवर कोणीतरी पायावर पाणी घातलं होतं. समोर चौरंग, समई आणि नव्या लुगड्यांत नटलेल्या साहेबांच्या बायका. तिथून उठून जायला माझ्यापेक्षा धीट माणूस लागतो. मुंजीनंतर पाठ केलेली दोन-तीन स्तोत्रं अजून येतात, ती मी सावकाश म्हटली. यंत्राची तक्रार आली नाही.

आता कंपनीबद्दल. ब्रेकवाली दिसायला फार छान. फरशी अशी की वाकून गंध ठीक करावं. बस गार हवेची, थेट कर्जतपर्यंत येते. पूजा एकाच मशीनची, परदेशातून नवीन आलेल्या. साहेबलोक खुर्च्यांवर, पर्मनंट कामगार त्यांच्या मागे उभे, आणि कंत्राटी कामगार शेडच्या दाराबाहेरून माना उंच करून बघत होते. प्रसाद मीच दिला म्हणून मला कळलं: खुर्चीवाल्यांना मोठा खोका, पर्मनंटना छोटा खोका, आणि दाराबाहेरच्यांना कागदावर चमचाभर शिरा. मी चुकून एका कंत्राटी बाईच्या हातात खोका ठेवला, तर तिनेच तो घाईघाईने परत केला आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे बघितलं. कँटीनसुद्धा दोन आहेत, एकात फ्लॉवर जातो आणि एकात दुधी, हे गजाने सांगितलं. अबोलीला तिथे पहिली तीन वर्षं कंत्राटावरच काढायची होती.

बाहेर पडून मी गजाला म्हटलं की आता मला घरी ने. त्याने टेंपो शॉकअपवालीच्या गेटात घातला. तिथेही "या, या" झालं. अनू, ही कंपनी मला मनापासून आवडली, हे आधीच सांगतो. मॅनेजर कामगारांच्या खांद्यावर हात टाकून बोलतो. सगळ्यांना एकसारखा खोका, एकच कँटीन, गौरी-गणपतीला न मागता रजा, आणि पगार तिघींत सगळ्यात जास्त. फक्त मशीन चालू होत्या. मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, जरा आटपतं घ्या, संध्याकाळी गाडी भरून जायचीय. धाड धाड पडणाऱ्या प्रेसवर एका माणसाने पळता पळता हार टाकला आणि सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मला अक्षता द्यायला एक मध्यम वयाचा माणूस उभा होता, तो डाव्या हाताने देत होता. आता भटजी झालोच आहे तर नीट व्हावं म्हणून मी त्याला जरा जरबेने म्हटलं, उजव्या हाताने द्या. त्याने खिशातला उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं नव्हती. मी मान खाली घातली आणि पुढे काय म्हटलं ते मला आठवत नाही. नंतर त्यानेच माझी समजूत घातली, की कंपनीने फार चांगलं केलं, दवाखान्याचं सगळं बघितलं, आता बसून करायचं काम दिलंय. तो हे खरंच मनापासून सांगत होता.

गेटवर खरे भटजी भेटले. मोटरसायकलवरून घामाघूम होऊन आले होते. (खंडेनवमीला या पट्ट्यात भटजी मिळणं लग्नसराईत टेंपो मिळण्याइतकं कठीण.) आता हे माझी चामडी लोळवणार असं समजून मी हात जोडले. ते उलट म्हणाले, बरं झालं, माझ्या अजून पुष्कळ पूजा राहिल्यात, तेवढी गिअरवाली तुम्हीच उरका. आणि हळदकुंकवाची पुडी हातात कोंबून ते निघून गेले. म्हणजे तिसऱ्या कंपनीत मी रीतसर नेमणुकीवर गेलो, याची नोंद घे.

गिअरवालीने माझी जी शोभा केली ती लिहायलाही लाज वाटते. नवनाथ नावाचा एक तरणा सेफ्टी ऑफिसर गेटवरच आडवा आला. म्हणाला, धोतर चालणार नाही, सोगा मशीनमध्ये जातो. मी म्हटलं, अरे, पूजा सांगायला आलोय. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय. धोतर आणि उपरणं गेटवरच्या खुर्चीवर घडी करून ठेवलं. मला कोणाची तरी निळी पँट, वर निळा शर्ट, पायात लोखंडी टोपणाचे बूट, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट. ज्या धोतराने दोन कंपन्यांत मान मिळाला ते बाहेर आणि मी आत. कापूर आत पेटवायचा नाही, नारळ अंगणात वाळूच्या बादलीजवळ फोडायचा. मी मनातल्या मनात हिला नापासच करून टाकलं. त्यात बस फक्त शिळफाट्यापर्यंत, पगार तिघींत कमी, आणि कँटीनला आठवड्यातून तीनदा दुधी (साहेबांनाही दुधीच, हे सांगायला हवं).

इथे पूजा एका मशीनची नसते. जो ज्या मशीनवर काम करतो तोच तिला हळदकुंकू वाहतो, आणि भटजीने रांगेतून फिरत प्रत्येकाचं नाव आणि गोत्र विचारून अक्षता टाकायच्या. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला मी माझंच देत होतो. असा फिरत फिरत एका मशीनशी आलो. निळे कपडे, निळी टोपी, चष्मा लावलेली एक मुलगी खाली बघून उभी होती. नाव विचारलं. ती म्हणाली, "अबोली. गोत्र मामांना विचारून सांगते."

अनू, खुर्चीत बसली नसशील तर बस. तुझी मुलगी रोज मला खोपोलीच्या कॉम्प्युटर क्लासला जाते म्हणून सांगून महिनाभर तिथे कामाला जात होती. मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. ती क्लासला नव्हती आणि मी भटजी नव्हतो, त्यामुळे कोणी कोणाला काय बोलणार? तिथली लाइन सुपरवायझर हर्षला नावाची आहे, पळसदरीकडच्या शेतकऱ्याघरची, आवाज असा की मशीनने ऐकावं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, गुरुजी, हिचं नीट करा, आल्यापासून हिचा एक पीस परत आला नाय. मला भरून आलं, सरळच लिहितो. चष्म्याच्या आत पाणी आलं आणि त्या चष्म्याच्या आत बोट घालता येत नाही.

अबोलीने फूल घेतलं आणि मशीनच्या आत वाहायला हात पुढे केला, तर हर्षलाने तिचं मनगट धरलं. "आधी मेन बंद कर गं. कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात टाक. देव थांबतो, मशीन नाय थांबत." अबोलीने मेन बंद केला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि मग फूल वाहिलं. मी शॉकअपवालीतून तासाभरापूर्वीच आलो होतो. त्या माणसाचा उजवा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. मी तुझ्या मुलीच्या मशीनवर इतक्या अक्षता टाकल्या की नवनाथने झाडू मागवला.

तिला घरी आणून मी रागावलो, जेवढं मला येतं तेवढं. ती म्हणाली, मामा, तिन्हीकडे मुलाखतीला मी एकच विचारलं, मशीन अडकली तर हात कोण घालतो? ब्रेकवालीने सांगितलं, ते कंत्राटदार बघतो. शॉकअपवालीने सांगितलं, आमची माणसं हुशार आहेत, पटकन काढतात. गिअरवालीने सांगितलं, कोणीच घालत नाही. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं होतं. मी दिवसभर धोतर नेसून, पँट घालून जे मोजलं ते या पोरीने एका प्रश्नात मोजलं होतं.

बायकांची सोय, जाण्यायेण्याची सोय, सगळं हर्षलाला विचारून घेतलं आहे, ठीक आहे. मेहुण्यांना मी समजावीन, तू फक्त त्यांना हे पत्र जेवणानंतर वाचायला दे. सर्वांना यथायोग्य.

तुझा
दादा

ता. क. – वर इतकं लिहून तुला निवड करायला सांगतोय असं वाटेल. तसं नाही. ती आजही कामावर गेली आहे.

ता. क. २ – पुण्याच्या मुलाला नाही म्हण, असं मी सांगत नाही. त्याला बघायचंच असेल तर तिची पाळी सुटताना शिळफाट्याला यावं, बस तिथेच थांबते. आता मी स्कूटर घेऊन तिथे असेनच. तुम्ही दोघं मात्र भाऊबीजेला इकडेच या.

ता. क. ३ – खरं काम हे आहे, आणि ते अबोलीने माझ्या गळ्यात घातलंय. नोकरीचं, क्लासच्या खोटेपणाचं ती तुला स्वतः सांगायला तयार आहे, हे मात्र तिच्याच्याने सांगवत नाही. तिने केस कापलेत. टोपीत वेणी राहायची नाही, सारखी निसटायची. हर्षला जाळी लाव म्हणाली होती, हीच जाऊन मानेपर्यंत कापून आली. दर रविवारी तेल लावून तू वाढवलेली वेणी ती, मला सगळं ठाऊक आहे. भाऊबीजेला दार ती उघडेल तेव्हा आधी केसांकडे बघू नकोस. वाळलीस म्हण, काळवंडलीस म्हण, काहीही म्हण. वेणी तिने टाकलेली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहे आणि तू येईपर्यंत कोणाला हात लावू देत नाही.