इंग्रजीचा पेपर, तिसरी खेप

४ फेब्रुवारी

चि. मास्तर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. याही वेळी सुट्टी मिळत नाही, हे वाचलं. तू दोन दिवस नसलास तर शाळेचं छप्पर खाली येईल, हे मला पटतं. तीन वर्षं पटतंच आहे.

इकडची बातमी अशी की मी दहावीच्या इंग्रजीचा अर्ज पुन्हा भरला. शिवणशाळेच्या मुख्य बाईंनी सरळ सांगितलं, की दहावी झालीस तर शिक्षिकेची जागा तुझी, नाहीतर जूनमध्ये दुसरी बाई घेऊ आणि तू आहेस तशी मदतनीस राहा. दुसरी बाई कोण तेही मला ठाऊक आहे. तिला काज करता येत नाही, पण दहावी आहे.

बाकीचे विषय सुटले. इंग्रजी येत नाही असंही नाही, पेपर पुरा होत नाही. मागच्या खेपेला उताऱ्याची उत्तरं इतकी सुबक लिहिली की पर्यवेक्षिका थांबून बघून गेल्या. मग पत्र आणि निबंध राहून गेले. अक्षर वाकडं आलं की मला पुढे जाववत नाही. खोडते आणि पुन्हा लिहिते, वाकडी टीप उसवावी तसं. त्यात उताऱ्यातला टपालवाला बर्फात वाट चुकला आणि उतारा तिथेच संपला. त्याचं पुढे काय झालं असेल, या काळजीत माझा बराच वेळ गेला.

वर्गात मुलांना जे सांगतोस ते मलाही सांग. ओरडलास तरी चालेल, पत्रातून आवाज येत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

टपालवाल्याचं काय झालं याला गुण नाहीत. हे आधी लिहून ठेवतो.

आता नीट वाच. पेपर हातात आला की लगेच लिहायला लागू नकोस. तो शेवटपर्यंत वाच. तू कापडाला कात्री लावण्याआधी ते बेततेस, तसा पेपर बेत. ज्या प्रश्नाला जास्त गुण, त्याला जास्त वेळ. ठरवलेला वेळ संपला की उत्तर अर्धं असलं तरी जागा सोडून पुढे जा. चुकलं तर एकच आडवी रेघ मार. सुरुवात पत्राने कर, कारण पत्रं लिहिण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही. निबंधाचे मुद्दे आधी कोपऱ्यात टिपून घे. घड्याळ समोर ठेव आणि ते खरं बोलतंय असं समज.

कडक लिहिलंय, राग मानू नकोस. आई गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि मला पाठवलंस, म्हणून मी आज मास्तर आहे. तुझा पेपर अर्धा राहतो हे मला सोसत नाही.

मे महिन्यातही जादा तास आहेत. बघतो.

कृपादृष्टी असू द्यावी, निदान पेपर होईपर्यंत तरी.
तुझा भाऊ

१९ मार्च

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

पेपर झाला. बाक डुगडुगत होता. एरवी मी त्याच्या पायाखाली चप्पल सारली असती आणि मग ती नीट बसली का ते पाहत राहिले असते. या वेळी डुगडुगू दिला तसाच. अक्षर सगळं उजवीकडे कलंडलंय, जणू पानाला वारा लागलाय.

पत्राने सुरुवात केली. परगावी राहणाऱ्या धाकट्या भावाला लिहा, असाच प्रश्न होता. ठरवलेल्या वेळेच्या आत झालं. उतारा मधमाश्यांचा होता. त्यांचं पुढे काय झालं ते मी मनातसुद्धा विचारलं नाही. सारांशाची वेळ संपली तेव्हा शेवटचं वाक्य उरलं होतं, आणि मला ते येत होतं. जागा सोडली आणि पान उलटलं. निबंधाचे मुद्दे संपले आणि घंटा झाली. सारांशाकडे परत जायला मिळालं नाही. घरी येऊन ते वाक्य मोठ्याने म्हटलं आणि जेवले.

माया अशीच राहू दे.
ताई

२६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

शाबास म्हणायला मी लहान आहे, पण शाबास. पत्रात काय लिहिलंस? पत्ता, तारीख घातलीस ना? मजकूर आठवेल तसा कळव, गुणांचा अंदाज सांगतो.

लोभाची बाकी पुढच्या टपालाने.
तुझा भाऊ

८ जून

चि. मास्तर यास अनेक आशीर्वाद.

पास झाले. इंग्रजीत त्रेचाळीस. मुख्य बाईंनी गुणपत्रिका दोनदा पाहिली, मग मला खुर्ची दिली. सोमवारपासून वर्ग माझा. बातमी ऐकून मी आत गेले, मशीनला तेल घातलं आणि थोडं रडले. तेल आधीच घातलेलं होतं.

पत्राचं तू विचारलंस, मी टाळलं. आता सांगते. पत्ता, तारीख घातली होती. मग लिहिलं, की मी बरी आहे, फोटोत तू वाळलेला दिसतोस, तुझी खोली मी रोज झाडते. वेळ मिळाला की ये. नाही मिळाला तर वेळेशिवाय ये. हे मला आपल्या भाषेत जमलं नसतं. आपल्या भाषेत मी आधी आग्रह केला असता, मग रुसले असते, आणि त्यात चार पानं गेली असती. इंग्रजीत माझ्याकडे तेवढे शब्दच नव्हते.

गुणांचा अंदाज आता नको. आठवण असू दे.
ताई

१२ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य इंग्रजीत चूक आहे. वेळेशिवाय येता येत नाही. का ते पत्रातून समजावणं अवघड आहे, समोर बसावं लागेल. मुख्याध्यापकांना तसं सांगितलं आहे. शनिवारी संध्याकाळी पोचतो.

तुझा भाऊ