छतावरचा बर्फ, खालचा पहारा

मी, आल्फ्रेड्स पुर्मालिस, वय वर्षे सहासष्ट, राहणार रिगा, नदीपलीकडच्या लाकडी घरांच्या गल्लीत दुसरा मजला, धंदा दुकाने, हॉटेले आणि कचेऱ्या यांच्या छतांवरचा बर्फ उतरवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणी जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करायला घरात माणूसच उरलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकोणतीस हिवाळे दोराला लोंबकळून काम करणारा माणूस असले विचार डोक्यात येऊ देत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एप्रिल दिसेल असे सांगितले आहे. मे महिन्याचे विचारले तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझा जावई राइतिस याच्या खटल्याचा निकाल येत्या शुक्रवारी, सतरा मार्चला आहे. या दोन गोष्टींच्या मधे मी सापडलो आहे आणि हा कागद खरे तर त्यासाठीच आहे. पण घर आणि हत्यारे आधी लिहितो, कारण ते सोपे आहे.

कलम १. राहते घर माझी एकुलती एक मुलगी लिगिता हिला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त खालच्या मजल्यावरच्या औस्माबाईंचा तळघरातला बटाट्यांचा कोपरा नव्या मालकाने बळकावू नये, असे करारात घालून घ्यावे. औस्मा चाळीस वर्षे माझ्या पायाखाली राहते आणि चाळीस वर्षे माझ्या बुटांच्या नावाने खडे फोडते. तरीही माझ्या आजारपणात राखाडी वाटाण्यांचे पातेले तिनेच वर आणून दिले. मीठ नेहमी कमीच असते, पण ते असो.

कलम २. लाकडी आणि प्लास्टिकची फावडी, कमरेचे पट्टे, शिरस्त्राणे माझ्या कामगारांनी वाटून घ्यावीत. दोर कोणीही घेऊ नयेत. सगळे दोर तुकडे करून चुलीत घालावेत. मेलेल्या माणसाचा दोर वरून धडधाकट दिसतो आणि आतून कुठे झिजला आहे हे फक्त त्या मेलेल्यालाच ठाऊक असते. लोखंडी फावडे घेऊन कोणी छतावर चढलाच तर त्याने माझे नाव सांगू नये. लोखंडाने पत्रा फाटतो, आणि मग वसंतात हॉटेलातल्या पाहुण्याच्या उशीवर पाणी ठिबकते.

कलम ३. श्री. एगोन्स, चर्चसमोरच्या पाचमजली इमारतीचे व्यवस्थापक, यांना लाल-पांढऱ्या पट्टीचे एक रीळ द्यावे. कोरे आहे. त्यांच्या इमारतीवर काम करताना ही पट्टी दारासमोर बांधायची मला कधीच मुभा नव्हती. "गिऱ्हाईक बिचकतं," म्हणायचे. सकाळी आठच्या आत फुटपाथ मोकळा हवा, वाळू-मीठ पडलेले हवे, पन्हाळीला लोंबणारे बर्फाचे सुळे पाडलेले हवेत, नाहीतर नगरपालिकेचा दंड. हे सगळे त्यांना तोंडपाठ. पण सुळे हाताएवढे लांब होईपर्यंत ते मला बोलवायचे नाहीत. बोलवायचे तेव्हा आजच्या आज हवे असायचे. तेव्हाही खालच्या बेकरीचे दार उघडे हवे, कारण सकाळी कॉफीला गर्दी असते. माणसे एका बाजूने आत शिरणार आणि दुसऱ्या बाजूने मी त्यांच्या डोक्यावर बर्फ पाडणार. पुष्कळ हिवाळे मी हे ऐकून घेतले. हे रीळ त्यांनी गळ्यात घालून फिरावे अशी माझी इच्छा आहे.

राइतिसवरचा खटला झेंटा बेर्तुलेबाईंच्या मृत्यूचा आहे. त्याचे खापर मात्र मी एगोन्सवर फोडत नाही. ते मला करता आले असते तर फार बरे झाले असते.

कलम ४. छताच्या वह्या. प्रत्येक इमारतीची एक वही असते. तारीख, बर्फ किती, काम कोणी केले, फुटपाथ बंद होता का, खाली पहाऱ्यावर कोण होते, आणि त्या पहारेकऱ्याची सही. कोणी घसरले, कोणाच्या डोक्यात काही पडले की पोलीस पहिली ही वही मागतात. या वह्या सरकारजमा कराव्यात आणि पुढचे वाचल्याशिवाय त्यांतल्या एका पानावरही विश्वास ठेवू नये.

आमच्या धंद्यातली एक खोड बाहेरच्यांना ठाऊक नाही. उणे पंधरात बोटे पेन धरत नाहीत आणि शाई गोठते. म्हणून उद्याचे पान आम्ही आदल्या संध्याकाळीच, ताटावर बसल्या बसल्या भरून ठेवतो. मीच नाही, या शहरातला दोर बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण. लिहायचे काय ते ठरलेलेच असते. काम नीट झाले, फुटपाथ बंद, पहारा सतत. काम सुरू व्हायच्या आधीच ते नीट पार पडलेले असते. दहा फेब्रुवारी दोन हजार बावीसच्या संध्याकाळी मी माझ्या टेबलावर एगोन्सच्या इमारतीचे पान भरले. लिगिता सूप वाढत होती. "खाली पहारा: राइतिस, सतत," असे लिहून मी वही त्याच्याकडे सरकवली.

"आत्ताच सही?" तो म्हणाला. "उद्या बर्फ पडलाच नाही तर?"

"पडला नाही तर पान फाडू. कर सही, सूप निवतंय."

त्याने सही केली. ते पान आज कोर्टात आहे.

कलम ५. आता जे लिहितो ते कोणी विचारल्यावरून लिहीत नाही. विचारले होते तेव्हा मी खोटे बोललो.

अकरा फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी नऊ. मी छताच्या कडेला, दोर धुराड्याला बांधलेला. राइतिस खाली, गळ्यात शिट्टी, एका हाताने माणसे अडवतो आहे. नियम साधा आहे. त्याची एक लांब शिट्टी आली की मी ढकलायचे, दोन आखूड आल्या की हात जागच्या जागी. शिट्टी नाही तर बर्फ नाही. हा नियम पंचवीस वर्षांच्या राइतिसला मीच शिकवला, फावड्याच्या दांड्याने पाठीत ढोसून. त्यानंतर आठ वर्षे त्याने तो एकदाही मोडला नव्हता.

वॉकीटॉकीवर तो म्हणाला, "बाबा, एगोन्स डोकं खातोय. दारात बर्फाची काच झालीय, एक बाई घसरता घसरता वाचली म्हणे. वाळू टाका नाहीतर उद्यापासून दुसरी माणसं बघतो म्हणतोय."

"मग टाक की वाळू."

"वाळू गाडीत आहे, गाडी कोपऱ्यापलीकडे. फुटपाथ सोडू?"

"दोन मिनिटांचं काम. जा."

"दारासमोर पट्टी नाहीये, बाबा. मी येईपर्यंत हात लावू नका."

"मला शिकवू नकोस. थांबतो मी. जा."

तो गेला. मी थांबलो नाही. किती थांबलो असेन? मिनिटभर. ऊन पत्र्यावर आले होते, कडेचा थर सुटायला लागला होता आणि आपोआप सुटला तर तो कुठे जाईल याचा नेम नसतो, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की मला थंडी वाजत होती आणि अजून दोन छते बाकी होती. मी फावड्याचे टोक नुसते खाली घातले. दाराएवढा तुकडा निसटला.

खाली झेंटा बेर्तुलेबाई होत्या. निवृत्त गायनशिक्षिका, हातात पावाची पिशवी. नवव्या दिवशी दवाखान्यात वारल्या.

मी दोरावरून उतरलो तेव्हा राइतिस खांद्यावर वाळूची गोणी घेऊन कोपऱ्यावर उभा होता. त्याने गोणी खाली ठेवलीच नाही. पोलीस आले. त्यांनी मला विचारले, खालचा माणूस कुठे होता? मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी त्याला जागेवर उभा केला होता."

इतकेच बोललो. आधी ठरवून बोललो नाही, तोंडातून गेले. गेलेले परत घेता आले असते, त्याच तासाला, त्याच दिवशी, पुढच्या वर्षभरात कधीही. पोलीसचौकीच्या जिन्यावर राइतिस मला म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्याने कोर्टात सगळे खरे सांगितले. वॉकीटॉकीवरचे बोलणे कुठे साठत नाही. एगोन्सना काही आठवेना. कागदावर "सतत" आणि खाली त्याचीच सही. सरकारी वकिलाने ती मोठी करून पडद्यावर दाखवली. मी साक्षीला उभा राहिलो आणि पुन्हा तेच बोललो. त्या वेळी मला खोकला लागला म्हणून न्यायाधीशांनी पाणी मागवले. फार सभ्य माणूस.

लिगिताने राइतिसला घराबाहेर काढले. "जो माणूस शिट्टी गळ्यात घालून जागा सोडतो, त्याच्या भरवशावर मी कशी राहू?" असे ती माझ्या देखत म्हणाली, आणि मी पेल्यात साखर ढवळत बसलो. हे मला पोलिसांपुढच्या खोट्यापेक्षा जास्त खाते. त्या वेळी समोर पोलीस नव्हता, तुरुंगाची भीती नव्हती. होती ती एकच, की माझी मुलगी मला आहे तसा बघेल.

तरी लिहून ठेवतो: राइतिसने जागा सोडली ती माझ्या हुकमाने, विचारून, आणि मला बजावून. बर्फ मी पाडला. त्याचा कसलाही दोष नाही.

कलम ६. कलम ५ माझ्या मृत्यूनंतर लगेच कोर्टात द्यावे. वकील सांगतात की शिक्षा झाली तर तीन-चार वर्षांची होईल. मी दोन महिन्यांत जाईन. म्हणजे राइतिस फार तर दोन महिने आत राहील, मग हा कागद निघेल आणि तो सुटेल. मला कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. मी पुष्कळ विचार केला. सर्वांना यातल्या यात कमी त्रास होईल अशी हीच वाट आहे.

वरचे सगळे आज दुपारपर्यंत लिहून झाले. चार वाजता सह्यांसाठी औस्मा आणि रोज इंजेक्शन द्यायला येणारी परिचारिका मारुता अशा दोघींना बसवले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. पण औस्मा चष्मा आणायला खाली गेली तेव्हाच मला कळायला हवे होते. तिने सगळे मोठ्याने वाचले. राखाडी वाटाण्यांशी ती थांबली, माझ्याकडे बघितले आणि पुढे गेली. कलम पाचच्या मधेच तिने चष्मा काढून कागद पुढे सरकवला, तेव्हा पुढचे मारुताने वाचले.

मग औस्मा म्हणाली, "हे कधी उघडायचं?"

"मी मेल्यावर."

"आणि निकाल?"

"शुक्रवारी."

"म्हणजे तू मरेपर्यंत पोरगा आत."

"दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, औस्मा."

"आणि नाही मेलास तर? आयुष्यात एक गोष्ट तरी तुला वेळेवर जमलीय का?"

मी म्हणालो, सही करायची असेल तर करा, नाहीतर चालत्या व्हा. दोघींपैकी कोणी उठले नाही. मारुताने माझी नाडी हातात घेतली आणि म्हणाली, "मी सही करते, काका. पण ऐकलेलं मला परत करता येणार नाही. शुक्रवारी मी कोर्टात जाणार. तुम्ही जाल की नाही ते तुम्ही बघा."

"मला जिना उतरवत नाही."

"खुर्चीत बसवून उतरवू," औस्मा म्हणाली. "माझा भाचा येईल. पियानो उतरवलाय त्याने."

मला रडू आले. ते इथे लिहायचे कारण नाही, पण आले. मी लिगिताला फोन लावला.

"बाबा? दुखतंय का?"

मी म्हणालो, "राइतिसला मीच पाठवलं होतं. वाळू आणायला. तो विचारून गेला होता, आणि मी थांबलो नाही."

तिकडे चालू असलेला नळ बंद झाला.

मग ती म्हणाली, "त्याने मला हेच सांगितलं होतं. अगदी हेच. मी त्याला म्हटलं, माझे बाबा खोटं बोलत नाहीत."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तीनदा लावला, ती उचलत नाही.

कलम ७. कलम ६ रद्द समजावे. कलम ५ या मृत्युपत्रातून मी काढून घेत आहे. ते जिवंत माणसाचा जबाब म्हणून वाचावे. राइतिसच्या वकिलाला फोन केला आहे. बाई उद्या सकाळी नऊला येत आहेत. शुक्रवारी मी कोर्टात उभा राहीन, उभे राहवले नाही तर बसून बोलेन. त्याआधी मी गेलोच, तर खालच्या दोन साक्षीदारांनी हा कागद न्यायाधीशांच्या हातात द्यावा.

घर लिगिताला नको असेल तर तिने ते घेऊ नये. मला माफ करावे असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही.

स्थळ: रिगा. मंगळवार, दिनांक १४ मार्च २०२३.

सही: आल्फ्रेड्स पुर्मालिस

साक्षीदार १: मारुता लीपा, परिचारिका. लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर आहेत. ताप नाही.

साक्षीदार २: औस्मा द्रेया, खालचा मजला. सगळे माझ्यासमोर वाचले. सही करताना संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मुलीचा फोन आलेला नाही.