शेवग्याच्या पाल्याचा रस

माय, तू जाऊन बारा वर्षं झाली. आता उलटून बोलायची न्हाईस, म्हणून आज सगळं लिहून काढते. औंढ्याला शाळेत डोळ्याचं शिबिर होतं. पीठ, वाकळ, तांब्या घेऊन गेले, म्हटलं आठ दिवस राहावं लागलं तर लागलं. माझा मोतीबिंदूच आहे असं समद्यांनी धरलेलं. डॉक्टरानं बत्ती मारली अन् म्हणाला, "बाई, मोतीबिंदू नाही. उजव्या बुबुळावर फूल पडलंय. कंदिलाची वात चांगली आहे, काच काळी झालीय. मी वातीला हात लावून काय उपयोग?" "मग काच बदला की!" "ती औरंगाबादला बदलतात, मेलेल्या माणसाच्या डोळ्याची. जमलं तर जमलं. नाहीतर आता दिसतो तो उजेडही जाईल." वाकळ डोक्यावर घेऊन तशीच परत. घरी मालक म्हणतात, "मेलेल्याचा डोळा लावून माझ्या घरात येशील?" मी म्हटलं, "तुमच्या दोन जित्या डोळ्यांनी तरी काय दिसून राहिलं?" पण माय, डाव्या डोळ्यालाबी आता डाळीतला खडा दिसत न्हाई. काही करावं तर भेव, न करावं तर आंधळी.

अन् हे काहून झालं? तू होतीस तवा आपल्या साखऱ्याच्या खळ्यावर गहू उपणताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. तू माझी मान मांडीवर घेतेस, पापणी उलटतेस अन् जिभेच्या शेंड्यानं कुसळ काढतेस. सारा गाव तुझ्याकडंच यायचा त्यासाठी. तेवढ्यावर थांबली असतीस तर? पण तीन दिवस शेवग्याच्या पाल्याचा रस घातलास. डोळा लाल झाला, पू आला, मी वरडून राहिले दवाखान्यात ने म्हणून. तू म्हणालीस, "तिथं डोळाच काढून घेतात. गप पड."

तुझं ते भेव मला नको, म्हणून माझं ठरलं. मंगळवारी औरंगाबादला नाव लिहायला जाते, मालक येवोत न येवोत.

एक सांगायचं राहिलं. शिबिरात डॉक्टरानं विचारलं, "डोळ्यात काय घातलं होतं? कुणी घातलं?" मी म्हटलं, "रस. मीच घातला." चार बायांदेखत लई झापलं त्यानं मला. खाली मान घालून ऐकून घेतलं. राग गेला असं समजू नको. पण त्या परक्या माणसानं तुला नावं ठेवलेली ऐकवली नसती मला.